अनारसे, पेरू, शेंगा, शिंगाडे

काकाजींबरोबर प्रवासाला निघालेला माणूस पोचत असे, पण कधी, ते विचारायची सोय नव्हती. देवळीहून वर्ध्याला एस.टी.नं जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मी शाळेत जेमतेम एक धडा संपवत असे. काकाजींना त्याच वाटेला अर्धा दिवस पुरायचा नाही. बस थांबली की ते उतरायचे. पाय मोकळे करायला नव्हे. थांब्यावर बसलेल्या माणसाला त्याच्या म्हशीची तब्येत विचारायला, हापशाचं पाणी चाखून बघायला, कोणाच्या तुरीला फूल आलं का पाहायला. तोवर बस निघून जायची. मग ते मागून येणारी बस धरायचे आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा उतरायचे. त्या मार्गावरचे कंडक्टर त्यांना आतल्या सीटवर बसूच देत नसत, दाराशी उभं करत.

"पोचणं काय बाई, कोणीबी पोचते," ते मला म्हणायचे. "मधात काय पाह्यलं ते सांगा."

मी साताऱ्याची. आमच्याकडे माणूस घरातून निघाला की पोचेपर्यंत त्याच्या कपाळावरची आठी जात नाही. नव्वदच्या आसपास देवळीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायला म्हणून मी आले आणि काकाजींच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. तेव्हा हे गृहस्थ माझ्या आयुष्यात किती थांबे वाढवणार आहेत याची मला कल्पना नव्हती. त्यांना नाव होतं, पण ते दुकानाच्या पाटीवर. गावात लहानथोर सगळेच त्यांना काकाजी म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा.

भांड्यांचं दुकान त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. पितळ जाऊन स्टील आलं, स्टीलच्या जोडीला प्लास्टिक आलं, तरी काकाजींच्या दुकानातून रिकामं भांडं कधी बाहेर गेलं नाही. गल्ल्याशेजारी त्यांनी तांदळाची एक वाटी ठेवलेली असायची. पाण्याचा गुंड असो, कढई असो की पोराच्या दुधाचा पेला असो, विकताना त्यात चिमूटभर तांदूळ टाकल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. दुसरी तऱ्हा नाव टाकण्याची. भांड्यावर नाव कोरून द्यायचं त्यांचं छोटं यंत्र होतं, चालू केलं की दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटायचं. लोक नवऱ्याचं नाव सांगायचे, सासऱ्याचं सांगायचे. काकाजी विचारायचे, "भाजी त्यात सासरा करणार हाय काय?" आणि बाईचं नाव टाकायचे. सासऱ्याचं हवंच असेल तर ते तळाला.

एकदा मी त्यांना याचं कारण विचारलं. यंत्र बंद करून, भांड्यावरचा चुरा फुंकून ते म्हणाले, "भांडं एका घरचं दुसऱ्या घरी राह्यते बाई. मग तिथले लोकं नाव वाचते अन् विचारते, ही कोण? तेवढंच नाव निघते बाईचं. नाई तं कोण विचारते?"

नागपूरला माल आणायला ते महिन्यातून एकदा जात. त्यातही सरळ जाणं नाही. केळझरला उतरून टेकडीवरच्या गणपतीला जायचं, तिथल्या फुलवाल्या बाईची ख्यालीखुशाली घ्यायची, मग पुढची बस. एकदा वर्ध्याहून पॅसेंजर धरली होती. कुठल्याशा लहान स्टेशनावर ते डब्यात चपला काढून ठेवून अनवाणीच खाली उतरले आणि गाडी सुटली. चपला नागपूरला आणि काकाजी फलाटावर. मागच्या गाडीनं ते गेले, पण वाटेतल्या प्रत्येक स्टेशनावर उतरून, "माह्या चपला इथं तं नाई उतरल्या?" असं विचारत गेले. चपला काही मिळाल्या नाहीत. पण एका पोर्टरनं आपल्या जुन्या दिल्या आणि त्या काकाजींनी पुढे कितीतरी वर्षं वापरल्या. माप मोठं होतं, त्यामुळे ते जिन्याखालून गेले तरी मला वर आवाज यायचा.

हे सगळं ऐकायला गोड आहे. त्यांच्या बायकोला, काकूंना, विचारलं असतं तर त्यांनी दुसरं सांगितलं असतं.

काकाजींची एकुलती एक बहीण नदीपलीकडे दिलेली होती. वर्धा नदीच्या अलीकडे आपला जिल्हा, पलीकडे यवतमाळ. मी वर्गात नकाशावर जी निळी रेघ दाखवत असे तीच ही नदी. तिथे तेव्हा पूल नव्हता. देवळीहून बसनं फाट्यापर्यंत जायचं, फाट्यावरून शेतांमधून घाटापर्यंत चालायचं आणि डोंग्यानं पलीकडे उतरायचं. डोंगा म्हणजे लाकडी नाव, बांबूनं ढकलायची. दर भाऊबीजेला काकाजी या वाटेनं बहिणीकडे जात आणि हातात कडीचा एक मोठा पितळी डबा असे. झाकणावर त्यांनीच कोरलेलं काकूंचं नाव. आत काकूंचे अनारसे.

काकूंचे अनारसे म्हणजे काय होतं ते मी सांगू शकत नाही. जाळी अशी सुटलेली असायची की अनारसा उजेडात धरला तर पलीकडचं दिसावं. वर खसखस. तळताना त्या कोणाला स्वयंपाकघरात येऊ देत नसत, मला आणि मांजराला सोडून. एका दिवाळीला मला घरी जायला गाडीत जागा मिळाली नव्हती, म्हणून मी देवळीतच होते आणि कढईजवळ बसले होते.

"तिच्यासाठी पोळून घेतो मी हात," काकू म्हणाल्या. नणंदेचा विषय निघाला की त्या झारा जरा जोरानं झटकत. "दरसाल भरून डबा जाते. अन् तिच्याकडून वापस येते काय, तं पेरू. आपल्या देवळीत पेरू नाईत काय? एका वर्षी बी तिनं नाई म्हटलं का, 'वयनी, चांगले झालते.' मोठ्या घरी पडली ना. आता पोरीचं लग्न काढलं हाय माघात. मी नाई जात."

"काकू, भाचीचं लग्न. मामी नको का?"

"मामा जाईल. त्याले डबा देईन भरून. पाठवंल पेरू."

नणंदही कितीतरी वर्षांत माहेरी आलेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. का, ते कोणालाच नीट सांगता येत नसे. भांडण झालेलं नव्हतं. नुसतं येणं थांबलं होतं, आणि काकाजींना त्याचं मनातून फार लागलेलं होतं. एकदा ते म्हणाले होते, "बहीण नाई येत तं घराले एक दार कमी असल्यासारखं वाटते."

भाऊबीजेच्या सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. "बाई, सुट्टीत खोलीत बसून काय करता? चला, रस्ता दाखवतो."

मी गेले. नदी नकाशाबाहेर पाहायची होती, एवढंच खरं कारण. काकूंनी डबा भरला, कडी लावली आणि काकाजींच्या हातात देताना म्हणाल्या, "सांभाळून." तो शब्द काकाजींनी नेहमीप्रमाणे डबा पडू नये या अर्थानं घेतला.

पहिला थांबा देवळीतच, गावाच्या टोकाला. तिथे एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. अंगणात पेरूचं झाड. काकाजी बसले, चहा झाला, आणि ड्रायव्हरकाकांनी आतून ताट आणलं. काकाजींनी कडी काढून सगळाच्या सगळा डबा त्या ताटात उपडा केला. मी बघतच राहिले. ड्रायव्हरकाकांनी ताट आत ठेवलं, डबा स्वच्छ पुसला, झाडाचे पेरू तोडून डब्यात भरले आणि परत दिला.

"काकाजी, अहो ते अनारसे," मी फाटकाबाहेर आल्यावर म्हटलं.

"हो. लय आवडते त्याले."

"पण ते तुमच्या बहिणीचे होते."

"डबा खाली हाय काय?" त्यांनी डबा कानाजवळ हलवून दाखवला. "कोणाचा डबा खाली वापस करायचा नाई, हे तुमच्याकडे बी असंल ना?"

आमच्याकडेही होतं. घरोघरी असतं. शेजारणीनं डब्यातून काही दिलं तर तो परत करताना त्यात निदान साखर तरी घालायची, एवढी रीत कोणाला माहीत नाही? पण ती रीत कोणी प्रवासाला घेऊन निघाल्याचं मी पाहिलं नव्हतं. काकाजींच्या मते ज्या घरी टेकलो त्या घरासमोर डबा झाकून ठेवणं हा माजोरेपणा होता. आणि ज्याच्यासमोर डबा उघडला तो माणूस तो रिकामा कसा देईल?

फाट्यावर उतरून शेतांतून निघालो. वाटेत एका मळ्यावर एक म्हातारी आजी आपल्या लेका-सुनांबरोबर राहायची. तिच्या खाटेवर आम्ही टेकलो. पेरू तिच्या नातवंडांनी तिथल्या तिथे फस्त केले आणि डब्यात भुईमुगाच्या शेंगा आल्या. घाटावर पोचलो तर डोंगा पलीकडच्या काठाला. डोंगेवाला येईपर्यंत त्याच्या झोपडीसमोर बसलो, त्याच्या घरच्यांनी शेंगा भाजायला घेतल्या आणि डब्यात उकडलेले शिंगाडे पडले. डोंगेवाल्याचे भाऊबंद नदीपलीकडच्या तळ्यातून ते काढायचे. दिवाळीत शिंगाड्यांना काही तोटा नसायचा.

डोंगा मधोमध आला तेव्हा बांबूचा पाण्यात शिरण्याचा आवाज सोडला तर काहीच नव्हतं. पाणी उतरलेलं, दोन्हीकडे वाळू उघडी पडलेली. काकाजी पुढच्या टोकाला डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि इतके आनंदात दिसत होते की त्यांच्यावर रागावायचं मी पलीकडच्या काठापर्यंत पुढे ढकललं.

बहीण दारातच उभी होती. भावापेक्षा ठेंगणी, पण हसू तेच. तिनं ओवाळलं, भावाला जेवायला वाढलं, मग डबा ओढला. झाकणावरचं नाव पदरानं पुसलं. कडी काढली. आणि जेवढं हसू होतं तेवढं आवरून घेतलं.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले तेव्हा ती माझ्या हातावर पाणी घालताना म्हणाली, "बाई, तुमी तिथंच राह्यता ना? वयनी दिवाळीले काईच करत नाई काय?"

"करतात की. अनारसे केले. याच डब्यात भरलेले मी स्वतः पाहिले."

"राहू द्या. तुमी चांगल्या घरच्या, झाकून बोलता. वयनीचं नाव पाह्यतो झाकणावर, अन् उघडलं का शिंगाडे. ते पाहा, माह्या अंगणातून दिसते शिंगाड्याचं तळं. माहेरून तेच यावं?"

मी तिला घरात घेऊन गेले आणि काकाजींना म्हटलं, आता तुम्हीच सांगा. काकाजींनी तोंडातला घास संपवला. त्यांनी काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. "अनारसे होते. मग पेरू झाले. मग शेंगा. शिंगाडे तं आत्ता झाले, घाटावर. खाली कुठं आणला मी कधी?"

बहिणीनं शिंगाडे सुपात ओतले. मग म्हणाली, "माह्यासाठी निघालेलं माह्यापर्यंत पोचत नाई, हेच तं म्हणून राह्यली मी. लग्नाची पत्रिका पाठवीन वयनीले. येणं न येणं तिच्याकडे."

एवढ्या वर्षांची अढी एका वाक्यानं सुटत नाही हे मला तेव्हा कळलं. तिनं डब्यात बेसनाचे लाडू भरले. परतीच्या वाटेवर मी त्या लाडवांवर डोळा ठेवून चालले. लाडू डोंगेवाल्याच्या पोरांनी खाल्ले. शिंगाडे आजीनं घेतले. शेंगा ड्रायव्हरकाकांकडे उतरल्या. आणि दिवेलागणीला काकूंनी कडी काढली तेव्हा आत पेरू होते.

"पाह्यलं?" काकू मला म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं. हा पेरू नणंदेकडचा नाही, आपल्याच गावातल्या ड्रायव्हरकाकांच्या झाडाचा आहे. तिनं लाडू भरले होते, आणि तुमचा अनारसा तिनं इतक्या वर्षांत बघितलेला नाही. काकूंनी हातात घेतलेला पेरू परत डब्यात ठेवला आणि कडी लावली. काकाजी शेजारी चहा पीत होते. मला वाटलं आता या घरात भांडी आदळणार, आणि या घरात भांड्यांना तोटा नव्हता. पण काकू उठल्या, आत गेल्या. थोड्या वेळानं मी डोकावले तर त्यांनी अनारशांसाठी पुन्हा तांदूळ भिजत घातले होते.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत आम्ही पुन्हा निघालो, या वेळी तिघं. काकूंनी डब्याला वरून फडकं बांधलं आणि गाठ मारली. "डबा माह्या मांडीवर राहीन. कोणी हात लावायचा नाई." काकाजी "हो" म्हणाले. काकूंच्या खांद्याला एक कापडी पिशवीही होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

ड्रायव्हरकाकांचं घर टाळून जाता येईल का, हे मी आदल्या दिवशी बघून ठेवलं होतं. पण ते फाटकाशीच उभे होते. हातात धुतलेलं ताट.

"वयनी, तुमी खुद आल्या," ते म्हणाले. "बसा ना. बायको गेली तेव्हापासून दिवाळीचं म्हणून घरात तुमच्या हातचंच तेवढं येते. बाकी तं माह्या हातचा भात अन् पिठलं."

काकूंनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा त्या घराकडे. ओट्यावर एकच खुर्ची होती. त्या खाली बसल्या आणि गाठ सोडायला लागल्या.

"काकू, अर्धे ठेवा," मी हळूच म्हटलं.

"अर्धा डबा देते काय कोणी?" म्हणून त्यांनी तो स्वतःच्या हातानं पुरता उपडा केला.

मी कपाळावर हात मारला. ड्रायव्हरकाकांनी पेरू भरले तेव्हा काकू त्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या, एक फांदी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "तूच काय तो." त्यानंतरचं मला तोंडपाठ होतं. आजीच्या नातवंडांनी पेरू खाल्ले. आजी काकूंचा हात सोडीना. 'डब्यावर नाव असलेल्या बाई' म्हणून त्या मळ्यावर काकूंना सगळे ओळखत होते, आणि काकूंनी मात्र तो मळा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. शेंगा आल्या. घाटावर शिंगाडे. काकू पाण्यावर कधी गेलेल्या नव्हत्या. डोंगा हलला की एका हातानं त्या माझं मनगट धरत आणि दुसऱ्या हातानं पिशवी. डबा केव्हाच काकाजींच्या मांडीवर गेला होता.

नणंद अंगणात धान्य पाखडत होती. वहिनीला पाहून ती उठली, पण पुढे आली नाही. काकाजींनी डबा खाली ठेवला. ती जवळ आली, वाकली, तिनं कडी काढली आणि आतला एक शिंगाडा उचलून धरला. मी दुसरीकडे पाहू लागले.

"आजबी तेच," नणंद म्हणाली.

"व्हय. आजबी तेच," काकू म्हणाल्या. "तुह्या भावासंग निघालं का तेच होते. म्हणून मी सोता आली." मग त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली आणि आतून फडक्यात बांधलेला गोळा काढला. गुळातलं अनारशाचं पीठ, आणि पुडीत खसखस. "कच्चं पीठ कोणी मांगत नाई रस्त्यात. चूल पेटव."

नणंद हसायला लागली आणि हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी दोघी चुलीपुढे बसल्या त्या संध्याकाळपर्यंत. काकू तिला दाखवत होत्या, एकाच बाजूनं तळायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं तूप वरून उडवायचं. नणंदेचे पहिले काही तुपात विरघळून गेले. त्यावरून दोघी एकमेकींना इतकं चिडवत होत्या की त्यांच्यात कधी काही होतं असं नव्या माणसाला सांगूनही पटलं नसतं. माघातल्या लग्नाला काकू आधीच जाऊन राहिल्या आणि मांडव परतला तरी आल्या नाहीत. काकाजींना महिनाभर माझ्या हातची आमटी खावी लागली, ती त्यांना गोड लागायची नाही.

त्यांना यातून काय कळलं म्हणाल, तर काही नाही. परतताना डोंग्यात ते मला म्हणाले, "पाहा बाई, डबा होता म्हणून तं दोघी भेटल्या." मी भूगोलाची शिक्षिका, पण या दिशाज्ञानापुढे मी हात टेकले.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, मी साताऱ्याला परत आले. पत्रं कमी होत गेली. नदीवर पूल झाल्याचं एका पत्रात होतं, आणि काकू गेल्याचं त्याच्या पुढच्या.

दोन हजारनंतरच्या एका दिवाळीत जुन्या विद्यार्थिनीच्या घरच्या कार्यासाठी मी वर्ध्याला गेले. काकाजींचा मुलगा, मी देवळीत असताना बाहेरगावी शिकायला असलेला, आता वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला घर बांधून राहत होता. देवळीचं दुकान दुसऱ्याला दिलेलं. काकाजी पुढच्या खोलीत बसून असायचे, गुडघ्यांनी पार हार खाल्लेली. मला पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मधात कुठं कुठं उतरल्या?"

मी म्हटलं, कुठेच नाही. ते नाराज झाले. मग जवळ बोलावून म्हणाले, "उद्या भाऊबीज. बहीण येऊन राह्यली. आता मले जाता येत नाई, तं तीच येते. अनारसे आणते. हिच्या हातचे." हिच्या म्हणजे काकूंच्या, त्यांनी शिकवलेले. घरात आता अनारसे कोणी करत नव्हतं. सूनबाई नोकरी करणारी, दिवाळीचं सगळं बाजारातून यायचं. "एकटीच हाय आता ते करणारी. तुमी थांबा उद्या."

मी थांबले. सकाळपासून ते फाटकाकडे बघत होते. पुलावरून गाडीनं दीड तासात यायला हवं होतं, पण बहीण आली ती उन्हं कलल्यावर. केस पांढरे, हसू तेच. हातात तोच कडीचा डबा, घासून लख्ख केलेला. तिनं तो काकाजींच्या पुढ्यात ठेवला.

काकाजींनी झाकणावरचं नाव अंगठ्यानं पुसलं. कडी काढायला त्यांना वेळ लागला. झाकण उघडलं. आत पेरू होते.

काकाजी पेरूंकडे बघत राहिले. खाऊ हुकलेल्या लहान पोरासारखं त्यांचं तोंड झालं होतं. मग त्यांनी मान वर केली.

"थांबली होती ना सगळीकडे?" त्यांनी विचारलं.

"थांबली. डोंगेवाला आता पुलाजवळ चाय विकते. आजी नाई राह्यली, सून हाय. ड्रायव्हरले दिसत नाई, तरी ताट घेऊन बसला होता."

"बरं केलं," काकाजी म्हणाले. "बरं केलं. नाई तं तो वाट पाहत राह्यला असता." आणि त्यांनी त्यातला एक पेरू उचलला.

बहीण त्यांच्याकडे बघून म्हणाली, "ठेव तो खाली. वयनीनं मले नुसते अनारसे शिकवले काय?" तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेला पिठाचा गोळा काढला आणि सूनबाईंना विचारलं, "गॅस कसा लावता तुमचा?"

पहिला अनारसा तिनं बशीत आणून दिला. काकाजींनी तो उजेडात धरून जाळी पाहिली. मग खाल्ला, फार सावकाश. बहीण उभीच होती. "वयनीसारखा झाला?"

"थोडा कडक हाय," काकाजी म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. बशी पुढे करून आणखी मागितले.

निघताना त्यांनी उरलेले सगळे डब्यात भरायला लावले आणि डबा माझ्या हातात दिला. मी नको म्हणत होते, काकूंचं नाव असलेली ती शेवटची वस्तू. ते ऐकेनात. "वापस आणून देजा. खाली नको. तुमची गाडी साताऱ्यापर्यंत डायरेक्ट हाय ना?"

"हो, काकाजी."

"मग पोचंल," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "तरी मधात कोणी दिसलं तं पाह्यजा."

घरी पोचल्यावर सासूबाईंनी उत्सुकतेनं कडी काढली. आत केळी होती.

"वर्ध्याहून केळी आणलीस?"

"निघताना अनारसे होते. भुसावळला एक म्हातारे गृहस्थ चढले, एकटेच मुलीकडे निघाले होते," मी म्हटलं.

सासूबाईंना काही समजलं नाही. त्यांनी झाकण उजेडाकडे वळवलं, चष्मा सारखा करून त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि मला विचारलं, "ह्या कोण गं?"

मी बॅग बाजूला सारली आणि पहिल्यापासून सांगायला बसले.